दोनदा ‘नाही’ ऐकूनही जिंकत राहिलेला पक्ष: ओसाकाच्या ‘इशिन’ची गोष्ट

आज जरा लांब जायचंय, जपानमधल्या ओसाकाला. युती, आघाडी, फूट हे शब्द आपल्याला रोजचेच आहेत. पण आजच्या गोष्टीत एक वेगळीच गंमत आहे. एक पक्ष एकाच वचनासाठी जन्माला आला. त्याच्या शहरानं ते वचन दोनदा नाकारलं. आणि तेच शहर त्याच पक्षाला निवडून देत राहिलं. असं का झालं, ते बघू.

सुरुवात दोन इमारतींपासून करतो. नव्वदच्या दशकात ओसाकात दोन टोलेजंग टॉवर उभे राहिले. एक शहराच्या महापालिकेशी जोडलेल्या कंपनीचा, उंची २५६ मीटर. दुसरा प्रांताच्या सरकारशी जोडलेल्या कंपनीचा, उंची २५६.१ मीटर. हो, बरोबर ऐकलंत, दहा सेंटिमीटर जास्त! आणि दोन्ही प्रकल्प पुढे कर्जात बुडाले.

तर ओसाका नावाचा एक प्रांत आहे, आणि त्याच्या मधोमध ओसाका नावाचंच मोठं शहर. प्रांताला गव्हर्नर, शहराला महापौर. आपल्याकडे राज्यपाल नेमतात, तिथला गव्हर्नर मात्र लोक थेट निवडतात. महापौरही तसाच. म्हणजे एका घरात दोन कर्ते, आणि दोघांच्या हातात वेगळ्या तिजोऱ्या. जपानीत ओसाका प्रांताला ‘फु’ म्हणतात आणि शहराला ‘शि’. दोन्ही एकत्र आणणं म्हणजे ‘फु-शि-आवासे’. आणि ‘फुशिआवासे’चा दुसरा अर्थ आहे दुर्दैव! ओसाकाचे लोक विनोदासाठी प्रसिद्ध आहेत, पण हा विनोद त्यांच्याच खिशाला लागलेला होता.

इथे येतो हाशिमोतो तोरू. पेशानं वकील, टीव्हीवर गाजलेला चेहरा, बोलायला फटकळ. २००८ मध्ये ३८व्या वर्षी तो गव्हर्नर झाला, आणि एप्रिल २०१० मध्ये त्यानं ‘ओसाका इशिन नो काय’ हा पक्ष काढला. ‘इशिन’ म्हणजे आमूलाग्र बदल, ‘मेइजी इशिन’मधला तोच शब्द. वचन एकच: ओसाका महापालिका मोडायची, टोकियोसारखे विशेष वॉर्ड करायचे आणि मोठी कामं एकाच हातात द्यायची.

पुढच्याच वर्षी प्रांताच्या विधानसभेत इशिनला बहुमत मिळालं. त्यांनी पहिल्यांदा काय केलं? स्वतःच्याच सभागृहाच्या जागा १०९ वरून ८८ वर आणल्या. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे. नोव्हेंबर २०११ मध्ये हाशिमोतोनं गव्हर्नरपद सोडलं आणि महापौरपदाची निवडणूक लढवली. गव्हर्नरपदासाठी उभा राहिला त्याचा सहकारी मात्सुई इचिरो. दोघेही जिंकले.

आता अडचण अशी, की शहर मोडायचं तर देशाचा कायदा बदलायला हवा. तो बदल २०१२ मध्ये मोठ्या पक्षांच्या पाठिंब्यानं झाला. पण तोवर इशिनला टोकियोची ओढ लागली होती. त्याच वर्षी राष्ट्रीय पक्ष स्थापन झाला, आणि लगेच टोकियोचे माजी गव्हर्नर, कट्टर राष्ट्रवादी इशिहारा शिंतारो यांच्याशी संसार मांडला. हाशिमोतो अणुऊर्जा कमी करा म्हणत होता, इशिहारांना ती हवी होती. तरी जमलं! डिसेंबर २०१२ मध्ये ५४ खासदार आले.

पण दीड-दोन वर्षांत काडीमोड. मधल्या काळात, मे २०१३ मध्ये, युद्धकाळात जपानी सैन्यासाठी लैंगिक गुलामगिरीत ढकललेल्या स्त्रियांबद्दल हाशिमोतोनं केलेल्या विधानांवर जगभरातून टीका झाली. २०१४ मध्ये इशिहारा बाहेर पडले, इशिन दुसऱ्या एका गटात विलीन झाला, नाव बदललं. २०१५ मध्ये तोही पक्ष फुटला, आणि भांडण पार बँकेच्या पासबुकापर्यंत आणि पक्षाच्या शिक्क्यापर्यंत गेलं. ओसाकावाले परत घरी आले, वेगळी चूल मांडली. टोकियोत चार वर्षांत इतक्या पाट्या बदलल्या, की मतदारांना नाव पाठ करायलाही वेळ मिळाला नसेल.

मग ओसाकात काय चाललं होतं? १७ मे २०१५. शहराच्या मतदारांना थेट प्रश्न: महापालिका मोडायची का? ‘हो’ म्हणाले ६,९४,८४४ जण. ‘नाही’ म्हणाले ७,०५,५८५. फक्त १०,७४१ मतांनी वचन हरलं. विरोधात कोण होतं? सत्ताधारी एलडीपीची ओसाका शाखा आणि कम्युनिस्ट, एकाच बाजूला! गंमत म्हणजे टोकियोत एलडीपीचे पंतप्रधान आबे आणि त्यांचे उजवे हात सुगा यांचे इशिनशी गोडीगुलाबीचे संबंध होते. वर दोस्ती, खाली कुस्ती. हाशिमोतोनं शब्द पाळला आणि राजकारण सोडलं.

इथे पक्ष संपायला हवा होता, नाही का? पण सहा महिन्यांनी गव्हर्नर आणि महापौर, दोन्ही पदं पुन्हा इशिनकडे. २०१९ मध्ये तर मात्सुई आणि तरुण महापौर योशिमुरा हिरोफुमी यांनी खुर्च्यांची अदलाबदल करून निवडणूक लढवली, आणि दोघेही जिंकले.

दुसरा प्रयत्न १ नोव्हेंबर २०२०. या वेळी सोबतीला होता कोमेइतो. हा बौद्ध संघटनेच्या आधारावर उभा असलेला पक्ष, तेव्हा १९९९ पासून एलडीपीचा जोडीदार होता. सौदा साधा होता: ओसाकातल्या कोमेइतोच्या चार लोकसभा जागांवर इशिन उमेदवार देत नसे, आणि बदल्यात शहराच्या सभागृहात कोमेइतोची साथ मिळावी. साथ मिळाली, तरी वचन पुन्हा हरलं. १७,१६७ मतांनी, म्हणजे आधीपेक्षा जास्त फरकानं. मात्सुईनंही निवृत्ती जाहीर केली.

आणि एका वर्षात, २०२१ मध्ये, इशिननं ओसाकात लढवलेल्या पंधराच्या पंधरा जागा जिंकल्या!

मला वाटतं, कोडं इथेच सुटतं. ओसाकाच्या लोकांना इशिनचा कारभार हवा होता, इशिनचा आराखडा नको होता. आणि बघा, गव्हर्नर आणि महापौर एकाच पक्षाचे झाले की दोन कर्त्यांचं भांडण आपोआप मिटतं. मग शहर मोडायचं कशाला? इशिन जितका चांगला चालला, तितकी त्याच्याच वचनाची गरज कमी झाली.

आता शेवटचा अंक. २०२३ मध्ये ओसाका शहराच्या सभागृहात इशिनला पहिल्यांदा स्वबळावर बहुमत मिळालं. म्हणजे कोमेइतोची गरज संपली, आणि सौदाही संपला. २०२४ मध्ये इशिननं त्या चार जागाही लढवून जिंकल्या. ओसाकात १९ पैकी १९. पण देशभरात? एकूण ३८, आधी होत्या ४१. घरचा गड पक्का होता, बाहेर मात्र पाय सरकत होता.

ऑक्टोबर २०२५ मध्ये कोमेइतोनं एलडीपीची २६ वर्षांची साथ सोडली. दहा दिवसांत, २० तारखेला, रिकाम्या जागेवर कोण बसलं? इशिन. दुसऱ्या दिवशी ताकाइची सानाए जपानच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. तेव्हा दोन्ही पक्षांचे मिळून २३१ खासदार होते, ४६५च्या सभागृहात बहुमताला दोन कमी. इशिननं तेव्हा मंत्रिपदं घेतली नाहीत, पाठिंबा बाहेरून दिला. मागण्या मात्र ओळखीच्या: टोकियोला पर्याय म्हणून देशाची उपराजधानी, आणि खासदारांच्या जागा दहा टक्के कमी करा. आठवले ना ते १०९ चे ८८?

बाहेरून पाठिंबा म्हणजे एक पाय दारात, एक बाहेर. काम झालं तर श्रेय, बिघडलं तर निघायची वाट. पण ओसाकात ज्या एलडीपीशी पंधरा वर्षं कुस्ती खेळली, तिलाच टोकियोत खांदा द्यायचा, हे घरच्या मतदाराला कसं समजावणार? इशिनची ताकदच मुळी ‘आम्ही टोकियोवाले नाही’ या वाक्यात होती.

जाता जाता एक प्रश्न तुमच्यासाठी. लोकांनी एखाद्या गोष्टीला दोनदा ‘नाही’ म्हटलं, पण ती मांडणाऱ्यालाच पुन्हा निवडून दिलं, तर त्यानं तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारावा का? की त्या ‘नाही’चाही मान ठेवायला हवा? विचार करा, मित्रांशी वाद घाला, आणि तुमचं मत आम्हाला नक्की कळवा.