रिक्षा आपल्याला ढकलते, तरी पुढे कशी जाते?

हेडफोन नीट लावा, कारण आज थोडं फिजिक्स आहे. घाबरू नका, फॉर्म्युला एकच येणार आहे आणि तोही तोंडी.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कामोठ्यात मानसरोवर स्टेशनपासून थोड्या अंतरावर आमची रिक्षा पाण्यात बंद पडली. रिक्षावाले काका हँडल धरून, आणि मी व माझा मामेभाऊ मागून ढकलतोय. मामेभाऊ सीईटीची तयारी करत होता, त्यामुळे त्याला सगळीकडे न्यूटन दिसायचा. ढकलता ढकलता विचारतो, "दादा, आपण रिक्षाला जेवढं ढकलतो, तेवढंच ती आपल्याला मागे ढकलते ना? मग दोन्ही बलं कटाप व्हायला हवीत. ही पुढे जातेच कशी?"

मी बीटेक. ठसक्यात सांगितलं, "अरे, आपला जोर थोडा जास्त असतो." आणि बोलता बोलताच लक्षात आलं की हे साफ चुकीचं आहे. क्रिया आणि प्रतिक्रिया समान असतात. थोडं जास्त-कमी असा प्रकारच नाही. नववीच्या 'गतीचे नियम' या धड्यापासून इंजिनिअरिंगपर्यंत हा नियम मी लिहीत आलो, मार्क घेतले, आणि समजला होता असं काही नाही.

घरी आल्यावर उत्तर सापडलं ते यूपीआयमध्ये. समजा मी काकांना 200 रुपये पाठवले. माझ्या खात्यात वजा 200, त्यांच्या खात्यात अधिक 200. बेरीज शून्य. म्हणून काही घडलंच नाही असं कोणी म्हणेल का? काकांना विचारा! खाती दोन आहेत. बलांचंही तसंच. माझं 200 न्यूटनचं बल रिक्षावर लागलं, रिक्षाचं 200 न्यूटनचं बल माझ्यावर लागलं. ती कटाप होत नाहीत, कारण ती एका वस्तूवर नाहीतच. रिक्षा हलेल का, हे ठरवायला फक्त रिक्षाचं पासबुक उघडायचं: मागून माझे 200, आणि विरुद्ध बाजूला चाकांचा व पाण्याचा अडथळा. अडथळा कमी असेल तर रिक्षा हलते.

मग मी मागे का फेकला जात नाही? माझ्या पासबुकात अजून एक एन्ट्री आहे: जमीन. मी पायाने जमीन मागे रेटतो, घर्षणामुळे जमीन मला पुढे रेटते. याचा पुरावा मला तिथेच मिळाला होता. चिखलात माझी स्लीपर सटकली, आणि रिक्षा जागेवर राहून मीच मागे गेलो. मामेभाऊ हसला, तो भाग सोडून देऊ.

ही शंका जुनीच आहे. 1687 साली 'प्रिन्सिपिया'त न्यूटनने स्वतः घोड्याचं उदाहरण दिलंय: दोरीने दगड ओढणारा घोडा तेवढाच दगडाकडे ओढला जातो.

आपल्याला फसवतो तो 'प्रतिक्रिया' हा शब्द. वाटतं, आधी पोस्ट, मग कमेंट. इथे तसं नाही. दोन्ही बलं एकाच क्षणी लागतात. कुठल्याला क्रिया म्हणायचं, ते तुमच्या मर्जीवर.

आता एक सापळा, ज्यात मी स्वतः पडलोय. टेबलावर फोन आहे. पृथ्वी त्याला खाली ओढते, टेबल वर रेटतो. ही जोडी आहे का? नाही! दोन्ही बलं फोनवरच लागतायत, म्हणजे पासबुक एकच. पृथ्वी फोनला ओढते, याची जोडी म्हणजे फोन पृथ्वीला वर ओढतो. 200 ग्रॅमचा फोन, साधारण 2 न्यूटन. पृथ्वीलाही तेवढेच 2 न्यूटन. पण तिचं वस्तुमान 6 वर 24 शून्यं, इतके किलो. तिला काय फरक पडणार?

हे सगळं सांगून झाल्यावर मामेभावाने विचारलं, "मग डंपर स्कूटीला धडकला तर डंपरला पण तेवढाच फटका?" सायन-पनवेल हायवे आम्हाला लागूनच आहे आणि तो नुकताच स्कूटी शिकला होता, त्यामुळे हा प्रश्न मला पेपरातला वाटला नाही. म्हटलं, हो, बल तेवढंच. पण बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. डंपर 25 टन धर, स्कूटी तुझ्यासकट 200 किलो. 125 पट फरक. त्याच बलाने डंपरचा वेग जेवढा बदलेल, त्याच्या 125 पट तुझा बदलेल. ड्रायव्हरला नुसता हादरा, तू रस्त्याच्या पलीकडे. लखपतीचे 200 गेले आणि ज्याच्या खात्यात 200च होते त्याचे गेले, तसं.

तो जरा वेळ गप्प बसला. हेल्मेटचा पट्टा तुटलाय, उद्या बदलतो म्हणाला. आणि मग पुढचा प्रश्न: "दादा, लोकल सुटते तेव्हा तिला पुढे कोण ढकलतं?"

याचं उत्तर मी त्याला दिलं नाही, तुम्हालाही देणार नाही. कमेंटमध्ये सांगा. फक्त 'मोटर' लिहू नका, ती गाडीतच बसवलेली आहे.