पुसलेला शोध आणि न पुसलेली नोंद

(एकलहरे येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



औष्णिक वीज केंद्रात कंत्राटी कामावर जाणारा एखादा कामगार पाळी संपवून घरी येतो, जेवतो आणि दिवा मालवल्यावर फोनवर काही शोधतो. पगारातून कापलेली भविष्यनिर्वाह निधीची रक्कम खात्यात जमा झाली की नाही, हे कसे पाहावे? छातीत राहून राहून घरघर होते ती कशाने? कामावरून काढले तर दाद कोणाकडे मागावी? हे प्रश्न तो मुकादमाला विचारणार नाही, शेजाऱ्याला विचारणार नाही, कित्येकदा बायकोलाही विचारणार नाही. माणूस जे बोलतो त्यापेक्षा जे शोधतो त्यात त्याची भीती आणि गरज अधिक उघडी पडते. आणि नेमके हेच कोठेतरी तारीखवार, वेळेनिशी लिहिले जात असते.

समाजमाध्यमे चालविणाऱ्या कंपन्या ही गोष्ट लपवीत नाहीत, हे प्रथम सांगितले पाहिजे. फेसबुकवर ‘ॲक्टिव्हिटी लॉग’ नावाची एक वही असते. तिच्यात ‘सर्च हिस्टरी’ उघडली की आजवरचे शोध ओळीने दिसतात, आणि ‘क्लिअर सर्चेस’ म्हटले की ती ओळ नाहीशी होते. इन्स्टाग्रामवर ‘युवर ॲक्टिव्हिटी’मध्ये ‘रिसेंट सर्चेस’ असतात, तेथे ‘क्लिअर ऑल’ आहे. यूट्यूबवर इतिहास पुसताही येतो आणि त्याची नोंद थांबवूनही ठेवता येते. गूगलने तर जून २०२० पासून नव्या खात्यांसाठी अठरा महिन्यांनी नोंदी आपोआप पुसल्या जाण्याची व्यवस्था केली. ही सारी कृती दोन मिनिटांची आहे आणि ती प्रत्येकाने शिकून घ्यावी. मात्र तिने नेमके काय पुसले जाते, हे समजल्यावाचून ती शिकणे अपुरे आहे.

फेसबुकच्या २०१८ च्या माहितीविषयक धोरणात एक वाक्य होते, जे फारच थोड्या वापरकर्त्यांनी वाचले असेल. शोध वापरणाऱ्याला केव्हाही पाहता व पुसता येतो, परंतु त्या शोधाची अंतर्गत नोंद सहा महिन्यांनंतर नष्ट केली जाते, असा त्याचा आशय होता. म्हणजे वह्या दोन आहेत. एक ग्राहकाच्या हातातली, दुसरी पेढीच्या तिजोरीतली. पहिलीवरची रेघ पुसली म्हणून दुसरीवरची पुसली जात नाही. वाण्याच्या दुकानातील खातेवही ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. याच कंपनीचे प्रमुख मार्क झुकरबर्ग यांनी १ मे २०१८ रोजी ‘क्लिअर हिस्टरी’ नावाची सोय देण्याचे जाहीर केले. ती ऑगस्ट २०१९ मध्ये काही देशांत अवतरली तेव्हा तिचे नावही बदलले होते आणि अर्थही. इतर संकेतस्थळांकडून आलेली माहिती वापरणाऱ्याच्या खात्यापासून ‘विलग’ केली जाणार होती. विलग करणे म्हणजे नष्ट करणे नव्हे. एकलहऱ्यात हा भेद सहज समजावा. येथे १९७० पासून कोळसा जळतो आहे. १४० मेगावॅटचे पहिले दोन संच बंद झाले, २१० मेगावॅटचे तीन उरले. धूर हवेत गेला म्हणून कोळसा संपला असे येथे कोणी म्हणत नाही, कारण राखेचे बंधारे डोळ्यांसमोर आहेत.

आता अर्थशास्त्राचा प्रश्न. ही नोंद ठेवण्यात कंपनीला एवढा रस का असावा? मेटा या कंपनीचे २०२४ सालचे एकूण उत्पन्न सुमारे १६४ अब्ज डॉलर होते आणि त्यातील सुमारे १६० अब्ज डॉलर जाहिरातींतून आले. ज्या उद्योगाचे जवळजवळ सर्व उत्पन्न जाहिरातींतून येते, त्याचा ग्राहक जाहिरातदार असतो. फोन हाती घेतलेला माणूस त्याचा ग्राहक नव्हे, तो कच्चा माल पुरविणारा होय. आणि हा पुरवठादार मोठा विलक्षण आहे. एकलहऱ्यास येणारा कोळसा वाघिणीतून येतो, त्याचे वजन होते, त्याची प्रत तपासली जाते, त्याचे बिल होते. येथून जाणारी वीज मोजली जाते आणि तिचा दर राज्य वीज नियामक आयोग जाहीर सुनावणी घेऊन ठरवितो. त्या सुनावणीत ग्राहकांचे प्रतिनिधी उभे राहून आक्षेप घेऊ शकतात. शोधांच्या या कच्च्या मालाचे मात्र वजन नाही, भाव नाही, पावती नाही, सुनावणी नाही. ‘फुकट सेवा’ या शब्दाने हा सारा व्यवहार झाकला गेला आहे. (या फुकटेपणावर आपल्यातील काही जाणती माणसेही विश्वास ठेवतात, याचे नवल वाटते.)

नावे काढून टाकली की धोका संपतो, असे कंपन्यांचे एक जुने उत्तर आहे. ऑगस्ट २००६ मध्ये अमेरिकेतील एओएल कंपनीने सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे तीन महिन्यांतील कोट्यवधी शोध संशोधकांसाठी म्हणून खुले केले. नावांच्या जागी क्रमांक घातले होते. न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्ताहरांनी काही दिवसांतच त्यांतील एका क्रमांकामागची वृद्ध स्त्री शोधून काढली, कारण तिचे गाव, तिच्या आडनावाचे नातलग आणि तिच्या घरातील बारीकसारीक चिंता तिच्या शोधांतच लिहिलेल्या होत्या. कंपनीने यादी मागे घेतली, पण तोवर तिच्या प्रती जगभर पसरल्या होत्या. त्या यादीतील कोणी आपल्या फोनवर काहीही पुसले असते तरी त्याचा उपयोग नव्हता.

येथपर्यंत गोष्ट व्यापाराची झाली. ‘हिस्टरी’ या शब्दाला आपल्या देशात दुसराही एक अर्थ आहे आणि तो पोलीस ठाण्यात जन्मला. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याची ‘हिस्टरी शीट’ उघडली जाते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर व्यक्तीची नव्हे, अख्ख्या जमातींची नोंद झाली, त्यांच्या हजेऱ्या लागल्या, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात त्यांच्या वसाहती बसविल्या गेल्या. ऑगस्ट १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. परंतु लगोलग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आणि विमुक्त म्हणविल्या गेलेल्या माणसांना आपल्या जन्माची ती नोंद आजही पूर्णपणे पुसता आलेली नाही. नोंद कोण ठेवतो, ती कोणाविरुद्ध वापरली जाते आणि ती पुसण्याचा अधिकार कोणाला असतो, हे तीन प्रश्न महाराष्ट्राला नवे नाहीत.

खडकसिंग या उत्तर प्रदेशातील इसमावर पोलिसांनी ठेवलेली पाळत डिसेंबर १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आली. रात्री-अपरात्री घरी जाऊन तपास करणे न्यायालयाने घटनाबाह्य ठरविले. परंतु खाजगीपणाचा असा वेगळा मूलभूत हक्क घटनेत नाही, असेही बहुमताने म्हटले. ते चुकीचे होते हे सांगण्यास पंचावन्न वर्षे लागली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी न्या. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला.

पत्रांचीही हीच कथा आहे. एकलहऱ्यापासून जवळच नाशिकरोडला, जेथे देशाची तिकिटे आणि पोस्टाची कागदपत्रे छापली जातात, तेथेच मध्यवर्ती कारागृहही आहे. १९३२-३३ मध्ये त्या कारागृहात जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता यांच्या चर्चांतून काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना आकारास आली. १९३३ साली साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ तेथेच लिहिली. कैद्याचे पत्र तुरुंगाधिकाऱ्याच्या नजरेखालून जाते, हे कैद्यास ठाऊक असते आणि तो त्याप्रमाणे लिहितो. बाहेरच्या मोकळ्या नागरिकाचे पत्र फोडण्याचा व्यापक अधिकार सरकारला देणारे विधेयक १९८६ मध्ये संसदेने मंजूर केले, तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही. २०२३ च्या टपाल कायद्यात तो अधिकार मिळाला, आणि या वेळी कोठे फारशी खळबळ उडाली नाही. त्यापूर्वीच, डिसेंबर २०१८ मध्ये, केंद्रीय गृहमंत्रालयाने दहा यंत्रणांना कोणत्याही संगणकातील माहिती पाहण्यास अधिकृत केले होते. फोनवरचा शोध हे आजचे न लिहिलेले पत्र आहे. फरक एवढाच की कैद्याला वाचणारा डोळा ठाऊक होता.

मग कायद्याने काय दिले? २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मध्यस्थ कंपन्यांवर असे बंधन घातले की खाते बंद केल्यावरही नोंदणीची माहिती १८० दिवस राखून ठेवावी. म्हणजे विस्मरणाचा कालावधी नागरिक ठरवीत नाही. न्या. श्रीकृष्ण समितीने जुलै २०१८ मध्ये अहवाल दिला आणि पाच वर्षांच्या घोळानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. माहिती दुरुस्त करून घेण्याचा व पुसून घेण्याचा हक्क त्यात नागरिकास आहे, हे मान्य केले पाहिजे. कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हेही खरे. परंतु तो दंड सरकारच्या तिजोरीत जातो. ज्याची माहिती फुटली त्याला नुकसानभरपाई देणारे जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ४३ अ मात्र याच कायद्याने काढून टाकण्याचे ठरविले. खोटी तक्रार केल्यास नागरिकालाच दहा हजारांपर्यंत दंड आहे. आणि राज्यसंस्थेच्या ज्या साधनांना केंद्र सरकार अधिसूचनेने वगळील त्यांना कायदा लागूच नाही.

सर्वांत बोलका भाग वेळापत्रकाचा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये या कायद्याचे नियम जाहीर झाले. नागरिकांचे हक्क आणि कंपन्यांची कर्तव्ये सांगणारी कलमे अठरा महिन्यांनी लागू व्हायची ठरली. एक कलम मात्र तत्काळ लागू झाले. ते माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये दुरुस्ती करणारे होते. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा ती उघड केल्याने खाजगीपणावर अवाजवी आक्रमण होईल, हे अधिकाऱ्याला दाखवावे लागे, आणि व्यापक लोकहित असेल तर ती त्याच कलमान्वये द्यावी लागे. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढे म्हटले की पुरे. कलम ८(२) मधील लोकहिताची वाट उरली आहे, पण ती अरुंद आहे आणि तिच्यावर चालण्यास अपिलांचा दम लागतो. कंत्राटदाराच्या हजेरीपटाची, शिधावाटपाच्या यादीची, बोगस लाभार्थ्यांची नावे मागणाऱ्या कार्यकर्त्यास हे उत्तर मिळू लागेल. ज्या महाराष्ट्राने केंद्राच्या आधी, २००२ मध्ये, माहिती अधिकाराचा कायदा केला, तेथे याविरुद्ध व्हावा तेवढा आवाज झालेला नाही. खाजगीपणा ही दुर्बलाची ढाल असावी. येथे ती प्रथम अधिकाऱ्याच्या हाती दिली गेली.

‘ज्याने काही वाईट केले नाही त्याला भिण्याचे कारण काय?’ असे अनेक सज्जन विचारतात. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे दोन तरुणींना अटक झाली. एकीने मुंबई बंदविषयी फेसबुकवर दोन-चार ओळी लिहिल्या होत्या, दुसरीने त्या ओळींना केवळ पसंती दर्शविली होती. पुढे २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ घटनाबाह्य ठरविले, परंतु ती अटक झाली ती झालीच. वाईट काय हे त्या दिवशी कोण ठरविणार, हे आदल्या रात्री कोणाला ठाऊक नसते.

तरीही शोध पुसण्याची ती दोन मिनिटांची कृती निरुपयोगी आहे असे म्हणणे हा अतिरेक होईल. कंपनी आणि सरकार यांच्यापुढे ती दुबळी असली तरी घराच्या चार भिंतींत ती दुबळी नाही. ज्या घरात फोन एकच आहे आणि तो बापाच्या किंवा भावाच्या खिशात असतो, तेथे एखाद्या मुलीने वसतिगृहाचा पत्ता, पाळीचा आजार किंवा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा शोधला, तर तिच्या दृष्टीने पहिली पाळत घरचीच होय. तिला ‘क्लिअर सर्चेस’ कोठे आहे हे दाखवून देणे हे महिला आघाडीचे काम आहे, आणि ते कोणत्याही सिद्धांतचर्चेची वाट पाहत थांबता कामा नये.

राहिला संघटनेचा प्रश्न. पूर्वी युनियनची सभासद पावतीपुस्तके लोखंडी पेटीत असत आणि पेटीची किल्ली खजिनदाराच्या कमरेला असे. आज कंत्राटी कामगारांची शाखा म्हणजे बहुधा व्हॉट्सॲपवरचा एक समूह असतो. त्यातील मजकूर सांकेतिक करून पाठविला जातो हे खरे. परंतु समूहात कोण आहे, कोण कोणाला केव्हा संदेश धाडतो, ही नोंद मजकुराबाहेरची आहे. याच कंपनीला माहितीच्या वाटपासंबंधीच्या २०२१ च्या धोरणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये २१३ कोटी १४ लाख रुपये दंड केला होता. समूहातून एखादा सभासद बाहेर पडला, तरी तो आत होता ही गोष्ट इतरांच्या फोनवर उरतेच, आणि कंत्राटाच्या नूतनीकरणाच्या वेळी मुकादमाच्या हाती त्यांतला एक फोन पडला तरी पुरते. सभेची वेळ कळविण्यास तो समूह ठेवावा. सभासदांची यादी, वर्गणीचा हिशेब आणि तक्रारी देणाऱ्यांची नावे पुन्हा कागदावर घ्यावीत. लोखंडी पेट्या अजून बाजारात मिळतात.