सुखदुःखाचे गुण



घरांत कोणी वारंवार आजारी पडूं लागलें, कीं दोन उद्गार हमखास ऐकूं येतात. एक म्हणतो, ‘सारे मनाचे खेळ!’ दुसरा म्हणतो, ‘इतकी काळजी केलीस, म्हणूनच अंथरूण धरलेंस.’ पहिला उद्गार रोग्याला खोटा ठरवितो, दुसरा अपराधी. या दोहोंहून निराळी वाट दाखविणाऱ्या एका मानसोपचारतज्ज्ञाचें कार्य आज आपणांपुढें ठेवावयाचें आहे.

डॉ. थॉमस होम्स हे अमेरिकेंतील सिॲटल येथें, वॉशिंग्टन विद्यापीठांत मानसोपचारशास्त्राचे प्राध्यापक होते. तेथील क्षयरोग्यांच्या आरोग्यधामांत त्यांनीं रोग्यांचें पूर्ववृत्त तपासलें. क्षय जंतूंमुळें होतो, हें कॉख यांनीं १८८२ सालींच दाखविलें होतें. परंतु संसर्ग झालेला प्रत्येक मनुष्य आजारी पडत नाहीं. मग जो पडतो, तो नेमका त्याच वेळीं कां पडतो? आजारापूर्वींच्या दोनेक वर्षांत अनेकांच्या आयुष्यांत घडामोडींची दाटी झालेली होम्स यांना आढळली.

पुढें रिचर्ड राहे यांच्या सहकार्यानें त्यांनीं १९६७ सालीं ४३ घटनांची यादी प्रसिद्ध केली. विवाहाला ५०० गुण धरले, तर इतर प्रसंगांना किती द्याल, असें ३९४ व्यक्तींना विचारलें. उत्तरांची सरासरी काढून तिला दहानें भागलें. जोडीदाराचा मृत्यु १००, घटस्फोट ७३, विवाह ५०, सेवानिवृत्ति ४५. नाताळच्या सणालाही १२! म्हणजे ओझें केवळ दुःखाचें नव्हे. आयुष्याची घडी नव्यानें बसविण्याचे श्रम सुखांतही आहेतच. वर्षानुवर्षें शाळेची घंटा ऐकलेल्या माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकाला त्या ४५ गुणांचा अर्थ निराळा सांगावयास नको.

मात्र ही यादी म्हणजे भविष्य नव्हे. राहे यांनीं अमेरिकन आरमारांतील खलाशांची पाहणी केली, तेव्हां गुण व आजार यांचा संबंध आढळला खरा, पण तो सौम्य होता. पुष्कळ गुण जमलेलीं कितीतरी माणसें निरोगीच राहतात. शिवाय एकच घटना एकाला आघात, तर दुसऱ्याला सुटका वाटते; यादी दोघांना सारखेच गुण देते.

तरी मूळ विचाराला पुढें बळ मिळालें. १९९१ सालीं शेल्डन कोहेन व त्यांचे सहकारी यांनीं निरोगी स्वयंसेवकांच्या नाकांत सर्दीचे विषाणु सोडले. ज्यांच्या मनावर ताण अधिक, त्यांच्यांत संसर्गाचें व सर्दीचें प्रमाणही अधिक आढळलें. बीज तेंच, भूमि निराळी.

म्हणून आजारांत औषध हवेंच. क्षयाच्या जंतूंना नुसता दिलासा मारूं शकत नाहीं. परंतु डॉक्टरांना ताप किती हें सांगतांना, गेल्या दोन वर्षांत घरांत काय काय घडलें, तेंही सांगावें. आणि आई जाऊन महिनाही लोटला नसतां वडिलांना राहतें घर सोडावयास लावण्यापूर्वीं, तो बदल थोडा पुढें ढकलतां येईल काय, एवढा विचार मुलांनीं अवश्य करावा.