कुणासाठी तरी ओरडताना



मी 31 वर्षं मुलींच्या शाळेत मराठी शिकवलं. त्या काळात ‘हळू बोला’ हे मी जितक्या वेळा म्हटलं, तितक्या वेळा दुसरं काही म्हटलं नसेल. वर्गात, जिन्यात, मधल्या सुट्टीत. मुली घरी गेल्या की आई आणि आजी तेच सांगणार, पुढे सासरीही तेच. त्यातल्या कितीतरी जणी आता चाळिशी-पन्नाशीच्या असतील. कुणी ऐकत असेल, तर आज तिला मी वेगळं सांगणार आहे. बाई गं, एकदा मैदानावर जा आणि घसा बसेपर्यंत ओरड.

हे मला माझ्या नणंदेनं शिकवलं. वन्सं ठाण्याला राहतात. त्यांच्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला, मी सांगते आहे त्या वेळी त्याला तीन वर्षं होत आली होती. घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत ते पडून, म्हणून बाहेरच्या खोलीत सगळं दबक्या आवाजात चालायचं. फोनवर बोलणं कुजबुजत. टीव्ही लावला तरी आवाज बंद. वन्संना मी या काळात कधी रडताना पाहिलं नाही की चिडताना पाहिलं नाही. जबडा तेवढा घट्ट मिटलेला असायचा आणि खांदे वर चढलेले. जेवण म्हणजे उभ्याउभ्या चार घास.

30 ऑक्टोबर 2025 ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाचा उपांत्य सामना होता, भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया. भाच्यानं दोन तिकिटं काढली. तो स्वतः वडिलांजवळ थांबला आणि आईला म्हणाला, ‘‘मामीबरोबर जा, रात्रीपर्यंत इकडची काळजी करू नकोस.’’ ठाण्याहून पनवेल गाडी पकडून आम्ही दोघी नेरूळला उतरलो.

ऑस्ट्रेलियानं 338 धावा केल्या. महिलांच्या एकदिवसीय सामन्यांत एवढ्या धावांचा पाठलाग तोवर कुणाला जमला नव्हता. वन्संना क्रिकेट कळतं, लहानपणी भावांच्या बरोबरीनं रेडिओला कान लावून त्यांनी बाळ ज. पंडितांचं समालोचन ऐकलेलं आहे. पण त्या दिवशी त्या दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारख्या बसल्या होत्या. ओढणी मुठीत धरलेली. आजूबाजूला गालावर तिरंगा रंगवलेल्या कॉलेजच्या पोरी नाचत होत्या.

मग जेमिमा रॉड्रिग्ज आणि हरमनप्रीत कौर यांची जोडी जमली. एक फटका सीमेकडे निघाला तेव्हा वन्संच्या तोंडून आवाज फुटला, ‘‘गेला!’’ पुढच्या चौकाराला त्या उठून उभ्या राहिल्या, ‘‘गेला, गेला, गेला!’’ मधेच हरमनप्रीत 89 वर बाद झाली, तेव्हा त्या शेजारच्या अनोळखी मुलीचा हात धरून उभ्या होत्या. मग ‘जेमी, जेमी’चा गजर सुरू झाला आणि वन्सं त्यात होत्या, दोन्ही हात वर करून, मानेच्या शिरा फुगवून. मी त्यांना चाळीस वर्षं ओळखते. त्यांचा पूर्ण आवाज मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकला. चांगला दणदणीत आवाज आहे हो त्यांचा. अमनजोत कौरनं विजयी चौकार मारला, जेमिमा 127 वर नाबाद राहिली आणि वन्संनी मला इतकी घट्ट मिठी मारली की माझा चष्मा पडला.

स्टेशनवर आलो तेव्हा वन्संचा घसा पार बसला होता. घोगऱ्या आवाजात त्या मला म्हणाल्या, ‘‘मला भूक लागलीय.’’ दोन वडापाव त्यांनी एकटीनं खाल्ले. गाडीत बसायला जागा मिळाली आणि त्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून थेट ठाण्यापर्यंत झोपल्या.

त्या झोपल्या होत्या आणि मला माझे वडील आठवत होते. वडील गिरणीत साचाखात्यात होते. मागांच्या खडखडाटात तिथं शेजारच्या माणसाशीही खुणांनी बोलावं लागे. आठ तास असे काढून आलेला माणूस घरात फारसा बोलत नसे. पण लालबागला कबड्डीचे सामने लागले, की रात्री ते मैदानाच्या कडेला मातीत मांडी घालून बसलेले असत. चढाईपटू आत घुसला, कुणीतरी त्याचा घोटा धरला, की चारी बाजूंनी एकच ओरडा उठायचा, ‘‘पकड, पकड!’’ आम्ही पोरी आईबरोबर चाळीच्या गॅलरीत उभ्या असायचो. मैदान नीट दिसायचं नाही. पण त्या शेकडो आवाजांतून वडिलांचा आवाज मला बरोबर ओळखू यायचा. आई म्हणायची, ‘‘सामना असला की हे पोटभर जेवतात.’’

18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. वडिलांना पुन्हा गिरणी दिसली नाही. त्यांनी मैदानावर जाणंही सोडलं, लाज वाटत असावी. मग तोच आवाज घरात चढायला लागला. आईवर, आमच्यावर, भाजीत मीठ कमी पडलं म्हणून. मी तेव्हा मोठी होते, मला ते नीट आठवतं. असं ओरडून त्यांना एकदाही बरं वाटलं नाही. ओरडून झालं की ते आणखी धुमसत बसायचे.

आपल्याकडे सर्रास म्हणतात, ओरडून टाक, वाफ निघून जाईल. घरात कुणावर तरी वाफ काढणाऱ्याला या वाक्याचा फार आधार असतो. तो आधार खोटा आहे. 2002 मध्ये ब्रॅड बुशमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं प्रयोग केला होता. ज्यानं आपल्याला चिडवलं त्याचा विचार करत काही विद्यार्थ्यांनी मुष्टियुद्धाच्या पिशवीवर ठोसे मारले. ठोसे मारल्यावर त्यांचा राग वाढलेला निघाला. नुसते शांत बसून राहिलेले विद्यार्थी त्यांच्यापेक्षा कमी रागावलेले होते. तेव्हा मैदानावर जाऊन पंचाला, समोरच्या संघाला, त्याच्या जातीधर्माला शिव्या देऊन मन हलकं होतं, असं कुणी म्हणत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

वन्संचं मन हलकं झालं, ते कुणाच्या तरी बाजूनं ओरडल्यामुळे, आणि हजारो जणांच्या सुरात सूर मिळवून ओरडल्यामुळे. हा एकत्रपणा अंगात काय करतो, याचा एक छान अभ्यास ऑक्सफर्ड विद्यापीठात झाला आहे. नौकानयन करणाऱ्या तिथल्या खेळाडूंना व्यायामशाळेतल्या यंत्रावर वल्ही मारायला लावली. एकदा एकेकट्यानं, एकदा सगळ्यांनी एका लयीत. मेहनत तेवढीच. पण एकत्र वल्हवल्यानंतर त्यांची वेदना सोसायची ताकद एकट्यानं वल्हवल्यानंतरच्यापेक्षा बरीच जास्त भरली. हे निष्कर्ष 2010 मध्ये छापून आले. हा अभ्यास करणारे रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं म्हणणं असं की एका लयीत हालचाल करताना शरीरात एंडॉर्फिन जास्त सुटतं. एंडॉर्फिन म्हणजे शरीर स्वतःच तयार करतं ते वेदनाशामक. ‘सचिन, सचिन’ म्हणत वानखेडेवर हजारो हात एका ठेक्यात वाजायचे, तेव्हा तिथं काय चाललं असेल याची यावरून कल्पना करा.

शिवाय श्वास आहेच. काळजीतला माणूस छातीच्या वरच्या टोकाशी अर्धवट श्वास घेतो. मोठ्यानं आरोळी द्यायची तर पोटापर्यंत श्वास भरावाच लागतो आणि तो लांबवर सोडावा लागतो. जबडा उघडावा लागतो, खांदे सोडावे लागतात. वन्संना त्या तीन वर्षांत हे कुणी सांगून जमलं नसतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. 2006 चा फुटबॉल विश्वचषक जर्मनीत झाला. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी म्युनिक आणि आसपासच्या भागात हृदयविकाराच्या तातडीच्या घटना एरवीच्या 2.66 पट झाल्या, असं तिथल्या डॉक्टरांना आढळलं. आधीच हृदयरोग असलेल्यांना धोका अधिक होता. तेव्हा ज्यांना हा त्रास आहे, त्यांनी गोळ्या चुकवू नयेत, डॉक्टरांना विचारावं आणि अटीतटीच्या क्षणी उठून बाहेर फेरी मारावी. घशाचंही तसंच. ओरडायचं ते पोटातून, मधून मधून पाणी पीत. आवाज दोन-तीन आठवड्यांत सुधारला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं.

आणि हा आवाज समोरही पोहोचतो बरं का. त्या रात्री सामना संपल्यावर जेमिमानं डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, की या स्पर्धेत ती मनानं फार खचली होती, चिंतेनं तिला ग्रासलं होतं, ती जवळजवळ रोज रडत होती. आणि तिनं प्रेक्षकांचे आभार मानले. मी घरी हे ऐकलं तेव्हा वन्संना फोन केला. भारतासाठी खेळणारी ती मुलगी आणि ठाण्याच्या दोन खोल्यांत रात्र-रात्र जागणारी ही बाई, दोघींनी त्या संध्याकाळी एकमेकींचं ओझं थोडं उचललं होतं. माझी ही ठाम समजूत आहे.

स्टेडियमची तिकिटं सगळ्यांना परवडत नाहीत, सगळ्या गावांत स्टेडियम नाहीत. पण थंडी पडली की आपल्याकडे गावोगावी कबड्डीची मैदानं आखली जातात. शाळाशाळांत मुलींचे खो-खोचे सामने होतात, आणि तिथं बघायला पाचपन्नास माणसंसुद्धा नसतात. त्या मुलींना ‘बकअप’ म्हणणारं कुणीतरी हवं आहे. तुमच्या घरात एखादी बाई असेल, आजारी माणसाचं करणारी, दबक्या आवाजात बोलणारी, उभ्यानं जेवणारी. तिला म्हणावं, आजची संध्याकाळ घर मी बघतो. तिला मैदानावर पाठवा. येताना तिला भूक लागलेली असेल, तेव्हा स्वयंपाकही तुम्हीच करून ठेवा.