मुक्या रुग्णाची वही

माणसाच्या दुखण्यांत डॉक्टराइतकेंच परिचारिकेचेंहि महत्त्व असतें, हें आपणांस सांगावयास नको. परंतु गाईम्हशींच्या व कुत्र्यामांजरांच्या दुखण्यांतहि असा शिकलेला मदतनीस लागतो, याची दखल आपण शहरवासी क्वचितच घेतों. इंग्लंडांत अशा परिचारिकांच्या शिक्षणाची योजना १९६१ सालीं सुरू झाली. आपल्याकडे या कामास परिचारिका हें नांव रूढ नाहीं. येथें पशुसंवर्धनाची पदविका घेतलेला पशुधन पर्यवेक्षक तें काम करतो. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमानें त्याची मर्यादा आंखून दिली आहे. लस टोचणें, जखमेची मलमपट्टी करणें, खच्चीकरण करणें यांसारखी प्राथमिक सेवा त्यानें राज्य सरकारच्या अनुमतीनें करावी, आणि तीहि नोंदलेल्या पशुवैद्याच्या देखरेखीखालीं.

पिंपरी, चिंचवड, चाकण हीं नांवें घेतलीं कीं डोळ्यांपुढें मोटारींचे कारखाने उभे राहतात. पण त्याच चाकणांत शनिवारीं जनावरांचा बाजार भरतो, आसपासच्या वाड्यावस्त्यांवर गोठे आहेत, आणि कामगारांच्या उंच इमारतींतून कुत्रीं पाळलेलीं आहेत. या टापूंत हें शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना कामाची उणीव पडत नाहीं. त्यांची खरी कसोटी लागते ती प्रात्यक्षिकांच्या नोंदवहींत. कोणत्या दिवशीं कोणतें जनावर पाहिलें, काय आढळलें, काय केलें, कोणाच्या देखरेखीखालीं केलें, हें त्या वहींत लिहावयाचें, आणि खालीं पशुवैद्याची सही घ्यावयाची.

माझ्या शेजारची एक मुलगी हें शिक्षण घेत आहे. भाषा शुद्ध आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं ती आपली वही माझ्याकडे आणते. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर; पशुवैद्यक मला कळत नाहीं, पण वही कळते. एका पानावर तिनें लिहिलें होतें, ‘गाय अशक्त आहे. उपचार केला.’ मीं विचारलें, ‘अशक्त म्हणजे काय ग?’ तेव्हां ती भराभर सांगूं लागली: ‘मास्तर, सकाळपासून तिचें रवंथ बंद होतें, नाकपुडी कोरडी होती, ताप १०३ अंशांवर गेला होता, आणि दूध निम्म्यावर आलें होतें.’ मीं म्हटलें, ‘मग हेंच लिही कीं!’ अशक्त हें केवळ मत झालें; बाकीचा पुरावा होता. माणसाला आपलें दुखणें सांगतां येतें. गाईची हकीकत सांगणारी एवढी एक वहीच.

आतां दुसरी बाजू ऐका. निरोगी गाईच्या अंगाची उष्णता साधारण १०१.५ अंश फॅरनहाइट असते, असें पुस्तकांत दिलेलें आहे. ज्या वहींत प्रत्येक गाईची उष्णता तंतोतंत तेवढीच आढळते, ती वही गोठ्यांत भरलेली नसून परीक्षेच्या आदल्या रात्रीं वसतिगृहांत भरलेली असते. ती सुबक दिसते, तिला गुणहि मिळतात. मग यांत बिघडलें कोठें?

बिघडतें तें असें. लस दोन ते आठ अंश सेल्सिअस एवढ्या थंडाव्यांत ठेवावी लागते. पेटी उन्हांत राहिली तर लस निकामी होते, आणि पुष्कळदां तें डोळ्यांना दिसत नाहीं. २०२२ सालीं महाराष्ट्रांत गाईबैलांवर लम्पी चर्मरोगाची साथ आली, तेव्हां त्यांना शेळ्यांच्या देवीवरची लस टोचण्यांत आली. अशा वेळीं कोणत्या जनावरास कोणत्या कुपींतून केव्हां टोचलें, हें नोंदीवरूनच कळतें. नोंद खोटी असेल तर उघडें पडलेलें जनावर सुरक्षितांत गणलें जातें.

आणि हें आपल्या चहाच्या पेल्यापर्यंत येतें. याच पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, व पुढील वर्षीं तेथें पेनिसिलिन तयार होऊं लागलें. गाईची कास सुजली असतां हें औषध देतात. त्यानंतर कांहीं दिवस त्याचा अंश दुधांत उतरतो. दूध उकळल्यानेंहि तो पुरता जात नाहीं. म्हणून वेष्टनावर सांगितलेले दिवस लोटेपर्यंत तें दूध विकूं नये. सकाळीं एकानें सुई दिली, ती संध्याकाळीं आलेल्या दुसऱ्याला कशी कळावी? कागदावर तारीख असेल तरच.

त्या मुलीनें एके ठिकाणीं लिहिलें होतें, ‘रक्ताचा नमुना घेतांना शीर सांपडली नाहीं, नमुना डॉक्टरांनीं घेतला.’ गुण कमी होतील म्हणून ही ओळ खोडावी काय, असें तिनें विचारलें. मीं सांगितलें, ‘राहूं दे.’ डॉक्टरांनीं त्या ओळीखालीं सही केली, आणि पुढच्या आठवड्यांत तिच्याकडून तेंच काम पुन्हां करवून घेतलें. वही पुरी करणें म्हणतात तें हेंच. रिकामीं पानें भरलीं म्हणजे वही पुरी होत नाहीं. जें येत नव्हतें तें केव्हां येऊं लागलें, हें तिच्यांतून वाचतां आलें पाहिजे. म्हणून सही करणाऱ्या पशुवैद्यांस माझी विनंती आहे कीं, जें आपण पाहिलें नाहीं त्याखालीं सही करूं नये, आणि प्रामाणिक अपयशाची नोंद करणाऱ्यास शिक्षा करूं नये.

आपल्या घरीं कुत्रें असेल तर त्याच्या लशीचा दाखला आज काढून पाहा. लशीचें नांव आणि तारीख त्यावर आहे ना? नसेल तर विचारा. असें विचारल्यानें शिकाऊ माणसाचा अपमान होत नाहीं, उलट त्याच्या हाताला वळण लागतें. ज्या रुग्णाला बोलतां येत नाहीं, त्याच्यासाठीं निदान आपल्या अक्षरानें तरी खरें बोलावें, एवढेंच सांगून मी आपली रजा घेतों.