पीएचपी : लूपमध्ये बनणारी नावं

आज पीएचपी. लूप एक ते बारा फिरतोय आणि प्रत्येक फेरीत पेन्शन1, पेन्शन2 अशा नव्या व्हेरिएबलमध्ये रक्कम ठेवायची आहे. जमतं का? जमतं. डॉलरचं चिन्ह, मग महिरपी कंस, आणि कंसात 'पेन्शन' हा शब्द टिंबाने लूपच्या आकड्याला जोडायचा. आधी नाव तयार होतं, मग त्या नावात किंमत भरली जाते.

मी मात्र असं लिहीत नाही. पलटणीत तीस जवानांसाठी तीस रजिस्टरं कोण ठेवतो? एकच नॉमिनल रोल असतो, त्यात अनुक्रमांक. ॲरे म्हणजे तेच. बेरीजही एका ओळीत होते.

खरा धोका वेगळाच. माजी सैनिकांच्या एका अर्जाचा कोड मी पाहिला. फॉर्ममधून येईल त्या प्रत्येक रकान्याच्या नावाचं व्हेरिएबल लूपमध्ये बनत होतं. वरच्या ओळीत 'मंजूर' म्हणजे 'नाही' असं ठरवलेलं. पण कोणी 'मंजूर' नावाचा रकाना स्वतःच घुसवून 'हो' पाठवलं, की अर्ज मंजूर! म्हणजे परवलीचा शब्द येणाऱ्यानेच ठरवायचा आणि संतरीने मान डोलवायची.

पीएचपीतली रजिस्टर ग्लोबल्स ही सोय हेच आपोआप करायची. 2002 मध्ये 4.2 आवृत्तीपासून ती मुळात बंद ठेवली गेली, 2012 मध्ये 5.4 मधून काढूनच टाकली. पण एक्सट्रॅक्ट फंक्शनला पोस्टचा ॲरे थेट दिलात, तर तोच दरवाजा पुन्हा उघडतो. तेव्हा हवे त्या रकान्यांची यादी कोडमध्ये आधी लिहा, लूप त्या यादीवर फिरवा, आणि किंमती ॲरेतच ठेवा.