गल्लींतला ब्रॉडबँडवाला टिकेल काय?



कासारवाडीच्या स्टेशनावरून नाशिक फाट्याकडे पायीं जातांना मान जरा वर केली, तर दिव्यांच्या खांबांवरून, झाडांच्या फांद्यांवरून आणि गच्च्यांच्या कठड्यांवरून काळ्या तारांचे झुबके लोंबतांना दिसतात. दिसण्यांत ते कुरूप खरे. परंतु त्या तारांतूनच मुलांचा अभ्यास, कारखान्यांचीं बिलें, बँकेचे व्यवहार आणि दूरदेशीं गेलेल्या लेकीसुनांचे चेहरे आपल्या घरीं येतात. या तारा कोणाच्या? कांहीं फार मोठ्या कंपन्यांच्या आहेत. पुष्कळशा मात्र आपल्याच वस्तींतील एखाद्या केबलवाल्याच्या आहेत. हा लहान धंदेवाला देशव्यापी कंपन्यांच्या स्पर्धेंत टिकेल काय, आणि तो टिकावा असें आपणांस कां वाटावें, याचा विचार आज आपल्यापुढें मांडावयाचा आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहूं. टेलिफोन आपल्या देशांत आला तो खाजगी कंपन्यांच्या हातूनच. १८८२ सालीं मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें टेलिफोनचीं केंद्रें निघालीं, आणि १९४३ पर्यंत मुंबईचा टेलिफोन खाजगी कंपनीच चालवीत होती. त्या वर्षीं सरकारनें तो ताब्यांत घेतला. पुढें अर्ध्या शतकापर्यंत हें क्षेत्र सरकारच्याच हातीं राहिलें. फोनसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहणारीं कुटुंबें माझ्या वयाच्या श्रोत्यांना आठवत असतील. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणानें हें दार किलकिलें झालें. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमनें सर्वसामान्यांसाठीं इंटरनेट सुरू केलें, आणि १९९८ च्या अखेरीस तो व्यवसाय खाजगी मंडळींनाही मोकळा झाला.

याच सुमारास आपल्या गल्लोगल्लीं केबल टीव्हीचें जाळें पसरलें होतें. गच्चीवर मोठी तबकडी उभारावयाची, आणि तेथून घरोघर तार ओढावयाची, असा तो उद्योग होता. केबलवाल्याच्या लक्षांत आलें कीं, ज्या वाटेनें चित्रें जातात त्या वाटेनें इंटरनेटही नेतां येईल. घरें ओळखीचीं, तार ओढण्याची सवय अंगवळणीं पडलेली, वसुलीसाठीं दर महिन्याला दारीं जाण्याचा परिपाठ चालू. एवढ्या भांडवलावर शेंकडों तरुणांनीं हा धंदा उभा केला. सरकारनेंही परवान्यांचे तीन वर्ग ठेवले: ‘अ’ वर्ग संपूर्ण देशासाठीं, ‘ब’ वर्ग एका दूरसंचार मंडळापुरता आणि ‘क’ वर्ग साधारणपणें एका जिल्ह्यापुरता. देशांत आज परवानेधारकांची संख्या हजाराहून अधिक आहे.

परंतु केवळ संख्येवरून बाजाराचें खरें रूप कळत नाहीं. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या आंकड्यांप्रमाणें २०२४ च्या अखेरीस देशांत ब्रॉडबँडचे सुमारें ९४ कोटि ग्राहक होते, आणि त्यांपैकीं शेंकडा ९८ हून अधिक पहिल्या पांच कंपन्यांकडे होते. हा आंकडा मोबाइल धरून आहे. तारेनें घरीं येणाऱ्या ब्रॉडबँडचे ग्राहक सुमारें ४ कोटि. लहानांचें रणांगण तें एवढेंच. आणि तेथेंही रिलायन्स जिओ व एअरटेल हे दोन मल्ल आघाडीवर आहेत.

मोठा मासा लहान माशाला गिळतो, ही म्हण या धंद्यांत अक्षरशः खरी ठरली आहे. महाराष्ट्राचींच उदाहरणें घ्या. आपल्या राज्यांत टेलिफोनचा खाजगी परवाना घेऊन ह्यूजेस-इस्पात ही कंपनी उभी राहिली. २००२ च्या सुमारास ती टाटांच्या हातीं गेली. आणि टाटांचाही मोबाइल ग्राहकवर्ग १ जुलै २०१९ रोजीं एअरटेलकडे गेला. मुंबईंतील बीपीएल मोबाइल पुढें ‘लूप’ या नांवानें चालली, आणि २०१४ च्या नोव्हेंबरांत परवान्याची मुदत संपतांच बंद पडली. पुण्याच्या अनेक घरीं पोंचलेली ‘यू ब्रॉडबँड’ ही कंपनी व्होडाफोननें विकत घेतली. टिकोनाच्या रेडिओलहरी २०१७ मध्यें एअरटेलनें घेतल्या. केबलच्या मार्गानें ब्रॉडबँड देणाऱ्या हॅथवेचा ताबा घेण्याचें रिलायन्सनें २०१८ च्या ऑक्टोबरांत जाहीर केलें. ज्या कंपन्या आपण मोठ्या समजत होतों त्यांची ही गत. मग गल्लींतल्याची काय कथा?

तथापि गल्लींतला अद्याप उभा आहे. याचें कारण समजण्यासाठीं इंटरनेट घरापर्यंत कसें येतें तें पाहिलें पाहिजे. याचे तीन टप्पे आहेत. पहिला, समुद्राच्या तळाशीं टाकलेल्या तारांचा. त्यांतील अनेक मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. दुसरा, शहरांशहरांमधील जाडजूड जाळ्याचा. हे दोन्ही टप्पे प्रचंड भांडवलाचे, म्हणून मोठ्यांचे. तिसरा टप्पा चौकांतील पेटीपासून आपल्या दारापर्यंतचा. केंसासारख्या बारीक कांचेच्या तंतूंतून प्रकाश येतो, आणि एका लहानशा विभाजकानें एका तंतूचे बत्तीस किंवा चौसष्ट घरांना वाटे करतां येतात. या शेवटच्या टप्प्यावर लागतो तो मुख्यतः माणूस. जिना कोणता, गच्चीची किल्ली कोणाकडे, पावसांत तार कोठें भिजते, हें ज्ञान मुंबईच्या किंवा दिल्लीच्या कचेरींत बसून मिळत नाहीं.

आतां या व्यवसायाचा हिशेब पाहूं. आयुष्यभर फळ्यावर गणितें सोडविलीं, तेव्हां एक गणित येथेंही मांडतों. समजा, एका चालकाचीं ५०० घरें आहेत आणि प्रत्येकाला त्यानें सेकंदाला १०० मेगाबिट वेगाचा शब्द दिला आहे. गुणाकार केला तर ५०,००० मेगाबिट होतात. तेवढी क्षमता तो विकत घेत नाहीं आणि घेण्याची जरुरीही नसते; कारण सर्व घरें एकाच क्षणीं पूर्ण वेगानें कांहीं उतरवून घेत नाहींत. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचें जसें, तसेंच हें. मात्र टाकी फारच लहान ठेवली, तर सकाळीं वरच्या मजल्यावर नळाला पाणी चढत नाहीं. त्याचप्रमाणें चालकानें लोभानें क्षमता कमी घेतली, तर रात्रीं नऊच्या सुमारास चित्र अडखळूं लागतें. चांगला चालक आणि वाईट चालक यांतील भेद येथेंच आहे. लोकप्रिय चित्रफितींचा सांठा करणारीं यंत्रें आतां कित्येक सेवादात्यांच्या जाळ्यांतच बसविलेलीं असतात, आणि देशांतली वाहतूक देशांतच वळविण्यासाठीं २००३ पासून राष्ट्रीय इंटरनेट एक्स्चेंजही आहे. त्यामुळें प्रत्येक गोष्ट लांबून विकत आणावी लागत नाहीं.

मग संकट कोठें आहे? तें तीन दिशांनीं आलें आहे. पहिलें, किंमतीचें. ५ सप्टेंबर २०१६ रोजीं जिओचा मोबाइल आला आणि बरोबर तीन वर्षांनीं तिचें घरगुती फायबर. आरंभीं फुकट किंवा अल्प दरांत देऊन पुढें ग्राहक टिकविणें ज्याला परवडतें, त्याच्याशीं रोजच्या वसुलीवर चालणाऱ्यानें कशी झुंज द्यावी? त्यांतही बडी कंपनी इंटरनेट, टीव्ही आणि मोबाइल यांची एकच मोट बांधून देते. न्यायाच्या दृष्टीनें हेंही सांगितलें पाहिजे कीं, या स्पर्धेमुळेंच दर उतरले आणि गरिबाच्या हातीं इंटरनेट आलें. दुसरें संकट तंत्राचें. २०२३ पासून फाइव्ह-जीच्या लहरींवर तारेवांचून घरीं ब्रॉडबँड देण्यास दोन्ही मोठ्या कंपन्यांनीं प्रारंभ केला, आणि उपग्रहाच्या द्वारें सेवा देणाऱ्या स्टारलिंकलाही २०२५ च्या जूनमध्यें परवाना मिळाला. जेथें तारच नको, तेथें तार ओढणाऱ्याचें ज्ञान कोणत्या कामाचें? तिसरें संकट जागेचें. खांब कोणाचा, रस्ता खणण्याची परवानगी किती दिवसांत आणि किती शुल्कानें मिळणार, या प्रश्नांशीं बड्या कंपनीचे वकील झगडतात. लहान माणूस मात्र खांबावरून तार ओढून मोकळा होतो, आणि एके दिवशीं ती कापली जाते.

यावर उपाय काय? मला दोन सुचतात. पहिला सहकाराचा. महाराष्ट्राला सहकार शिकविण्याचें कारण नाहीं. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनीं प्रवरेच्या कांठीं साखर कारखाना उभा केला, तो शेतकऱ्याच्या लहान लहान भागांवरच. इंटरनेटच्या धंद्यांत हा प्रयोग केरळांत झाला आहे. तेथील केबलचालकांनीं एकत्र येऊन ‘केरळव्हिजन’ नांवाची कंपनी काढली. क्षमता एकत्र विकत घ्यावयाची आणि सेवा ज्यानें त्यानें आपल्या वस्तींत द्यावयाची. आज तिचे ग्राहक दहा लाखांहून अधिक असून तारेच्या ब्रॉडबँडमध्यें देशांतील पहिल्या पांचांत तिचें नांव येतें. परंतु सहकार म्हणजे जादूची कांडी नव्हे. श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था मंडळाकडून घाऊक वीज घेऊन गांवोगांव देत असे. चाळीस वर्षें ती चालली. थकबाकी वाढत गेली, आणि २०११ सालीं तें काम महावितरणकडे गेलें. ज्याच्याकडून घाऊक माल घ्यावयाचा त्याचें देणें चोख ठेवलें नाहीं, तर सहकारही तारूं शकत नाहीं, हा धडा आपल्या केबलचालकांनीं अवश्य गिरवावा.

दुसरा उपाय सार्वजनिक वाटेचा. पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीच्या योजनेंत शहरांत जमिनीखालून फायबरचें जाळें टाकण्यांत आलें आहे. तें जनतेच्या पैशानें झालें आहे. रस्ता जसा बैलगाडीला आणि मोटारीला सारखाच खुला असतो, तसेंच हें जाळें लहानमोठ्या सर्वांना एकाच दरानें आणि एकाच अटींवर भाड्यानें मिळालें पाहिजे. असें झालें तर खांबांवरचे झुबके खालीं येतील, शहराला उत्पन्न होईल, आणि स्पर्धा वाटेवर न होतां सेवेच्या गुणावर होईल. तें एकाच्याच हातीं गेलें, तर मात्र शहर आपल्याच पैशानें मक्तेदारी उभारील.

कोणी विचारील, या गल्लीवाल्याची आपणांस एवढी काळजी कां? दोनच कंपन्या राहिल्या आणि दर स्वस्त असले तर बिघडलें कोठें? बिघडतें तें उद्यां. बाजारांत दोनच दुकानें उरलीं म्हणजे भाव कोणाच्या सोयीनें ठरतात, हें गृहिणींना सांगावयास नको. २०२० च्या टाळेबंदींत घरच शाळा आणि घरच कचेरी झाली, तेव्हां जोडणी तुटली कीं मुलाचा वर्गच बुडत असे. अशा वेळीं ज्याचें घर दोन गल्ल्यांपलीकडे आहे, त्याला हांक मारतां येते. टेलिफोनवरून एक दाबा, दोन दाबा असें सांगणाऱ्या यंत्राला हांक ऐकूं येत नाहीं. शिवाय आमच्या या कारखान्यांच्या पट्ट्यांत आयटीआय किंवा पदविका घेतलेल्या किती तरी मुलांना या धंद्यानें पोट दिलें आहे.

परंतु शेजारधर्म म्हणून वाईट सेवा गोड मानून घ्या, असें माझें म्हणणें नाहीं. ग्राहकानें डोळस असावें. जोडणी घेण्यापूर्वीं चालकाला चार गोष्टी विचाराव्या. परवाना कोणाच्या नांवें आहे? रात्रीं नऊ वाजतां वेग किती मिळतो? बिघाड किती तासांत दुरुस्त होईल? आणि पैशांची रीतसर पावती मिळेल काय? सोसायटीच्या पंचांनींही एकाच कंपनीला इमारतींत शिरकाव देण्याचा करार करूं नये. निदान दोघांना तरी जिना मोकळा ठेवावा. ज्या चालकाला या चार प्रश्नांचीं सरळ उत्तरें देतां येतील, त्याला आठ-पंधरा रुपयांच्या फरकासाठीं सोडूं नये. आणि ज्याला देतां येणार नाहींत, त्याला केवळ ओळखीखातर धरून ठेवूं नये.

सरकारनें वाट समान ठेवावी, चालकांनीं एकी आणि हिशेब सांभाळावा, आणि ग्राहकानें पारखून घ्यावें. एवढें झालें तर गल्लींतला ब्रॉडबँडवाला दयेवर नव्हे, तर आपल्या कामाच्या बळावर टिकेल.